हातापुरता पडदा

गुप्तता हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. राज्यं तिच्यावर उभी राहिली, युद्धं तिच्यामुळे जिंकली गेली आणि कित्येक संसार आजही तिच्याच जोरावर सुरळीत चालू आहेत. त्या शाळेने गुप्तता पाळायचं ठरवलं तेव्हा ती इतकी कडक पाळली, की आठशे बारा मुलांपैकी फक्त आठशे अकरा जणांनाच बातमी कळली. उरलेल्या एकाला गोवर आला होता. त्याला ती घरी जाऊन सांगण्यात आली.

बातमी अशी, की शेवटच्या इयत्तेतली एक मुलगी, वय वर्षं सतरा, गरोदर होती आणि शाळा सोडायला तयार नव्हती.

तिला घरीदारी सगळे मुंगी म्हणत. एकदा एका दिशेने निघाली, की वाटेत बोट ठेवा, पाणी ओता, ती वळसा घालून तिकडेच जायची, म्हणून. आई लाँड्रीत इस्त्रीवर होती, सकाळी सातला जाई ती संध्याकाळी सातला येई. घरात तिसरं कुणी नव्हतं. होणार होतं ते अजून यायचं होतं.

पूर्वी अशा मुलीसाठी शाळेला काही करावं लागत नसे. ती एका सोमवारी येत नसे, मंगळवारीही येत नसे, आणि महिन्याभराने हजेरीपटात तिच्या नावावर लाल रेघ मारली जाई. सगळं कसं आपोआप होई. पण त्या वर्षी वरून परिपत्रक आलं. गरोदर विद्यार्थिनीचं नाव काढायचं नाही, तिचं शिक्षण चालू राहिलं पाहिजे, तब्येतही सांभाळली गेली पाहिजे, आणि हे सगळं पाहायला शाळेने समिती नेमावी. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ते परिपत्रक दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी त्यात काही वेगळं निघेल अशी त्यांना आशा होती.

समितीत चौघं होते. मोठ्या बाई स्वतः. हेडक्लार्क, कारण त्यांच्याशिवाय शाळेत पाणीही उकळत नसे. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, ज्यांनी बावीस वर्षांत किती बाळंतपणं केली ते त्यांनाही आठवत नव्हतं. आणि चित्रकलेचे सर, जे पहिल्या बैठकीला दहा मिनिटं उशिरा आले, तोवर त्यांची बहुमताने निवड झाली होती. बाळाचा बाप दुसऱ्या शाळेत होता. त्याच्यासाठी कुणी समिती नेमली नाही. तो नियमित शाळेत जात होता, आणि वर्षाअखेरीस त्याला हजेरीचं प्रशस्तिपत्रही मिळालं.

समितीने मुंगीचं नाव कागदोपत्री ‘लाभार्थी’ असं ठेवलं. पण खरं सांगायचं तर समितीने कामही केलं. बाक आणि डेस्क यांच्या मधल्या फटीत मुंगी मावेना, तेव्हा तिला पाठीची खुर्ची मिळाली. लघवीला जायला हात वर करायची अट काढली. तपासणीच्या दिवशी ती दवाखान्यात असली तरी हजेरी लागू लागली. लोहाच्या गोळ्या सिस्टर स्वतः आणून देत आणि समोर उभ्या राहून गिळायला लावत. सहा महिने हे सगळं नीट चाललं. कुणाला तसा विश्वास नव्हता, पण चाललं.

मग परीक्षा आली, आणि परीक्षेबरोबर पडदा आला.

पडदा ही हेडक्लार्कांची कल्पना. परीक्षा एकूण सहा पेपरांची, आणि मुंगीला तेव्हा आठवा महिना संपत आलेला. सिस्टरनी सांगितलं, की प्रत्येक पेपराआधी रक्तदाब तपासायचा. वरचा आकडा एकशे चाळीसच्या वर गेला, की पेपर बाजूला आणि मुलगी दवाखान्यात, त्यावर चर्चा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण तपासायचं आजाऱ्यांच्या खोलीत, आणि त्या खोलीची खिडकी व्हरांड्यावर उघडायची. येणारा-जाणारा बघणार. हेडक्लार्कांनी नाटकाच्या सामानातून एक हिरवा पडदा काढला, खोलीत आडवा बांधला आणि त्याला कोपराच्या उंचीवर एक गोल भोक पाडून चारी बाजूंनी शिवून घेतलं. लाभार्थी मागच्या दाराने येणार, स्टुलावर बसणार, भोकातून डावा हात बाहेर काढणार. सिस्टर अलीकडे बसून मोजणार. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त ‘लाभार्थी क्र. १’. क्रमांक दोन कुणी नव्हती, पण हेडक्लार्क दूरदृष्टीचे होते.

सिस्टरना हे पटलं नाही. मला तिचा चेहरा दिसला पाहिजे, पाय दिसले पाहिजेत, त्या म्हणाल्या. हेडक्लार्कांनी चष्मा पुसला.

“सिस्टर, रक्तदाब हातात असतो. चेहऱ्याचा काय संबंध?”

दुसऱ्या दिवशी पहिला पेपर होता. भांडायला वेळ नव्हता. सिस्टरनी पडद्याकडे एक नजर टाकली आणि यंत्र उघडलं.

पहिले चार पेपर सुरळीत गेले. हात यायचा, पट्टा गुंडाळला जायचा, फुस्स करून हवा सुटायची. एकशे अठरा, एकशे बावीस, एकशे वीस, एकशे सव्वीस. सिस्टर विचारायच्या, बाळ हलतंय ना, आणि पडदा म्हणायचा, हो. चिठ्ठी भोकातून परत जायची, त्यावर ‘पेपरास बसण्यास योग्य’ असा शिक्का. मुंगी तिच्यावर हेडक्लार्कांची प्रतिसही घ्यायची, वर्गाच्या दाराशी ती मोठ्या बाईंकडे द्यायची आणि आत जाऊन लिहायची.

पाचव्या पेपराच्या सकाळी आकडा एकशे छत्तीस, खालचा अठ्ठ्याऐंशी. सिस्टरनी पट्टा सोडला नाही. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. तेवढाच. मग त्यांनी हाताच्या मागच्या बाजूवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खळगा राहिला. मऊ कणकेत राहावा तसा.

“डोकं दुखतंय का गं?”

“नाही,” पडदा म्हणाला. त्या वेळी ते खरं होतं.

सिस्टरनी तिला बसू दिलं, पण पेपर संपल्यावर गाठून बजावलं. उद्या एकशे चाळीस झाले, तर इतिहासाचा पेपर नाही. सरळ दवाखाना. मुंगी हो म्हणाली. ती नेहमी हो म्हणायची, हीच तिची लबाडी होती.

उद्याचा पेपर गेला तर काय, हे मुंगीला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. गावाबाहेरच्या तंत्रविद्यालयात तिची जागा धरून ठेवली होती, नकाशे काढायच्या अभ्यासक्रमाला. तिथे पाळणाघर होतं. मूल तिथे ठेवून आईने वर्गात बसायचं, अशी सोय असलेलं एवढं एकच विद्यालय. आणि तिथे प्रवेश फक्त त्याच वर्षी सगळे विषय सुटलेल्यांना. एक विषय राहिला, की पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे काय ते त्या वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. शेजारची एक ताई चार वर्षांपूर्वी ‘पुढच्या वर्षी’ परत शाळेत जाणार होती. आता ती लाँड्रीत मुंगीच्या आईच्या शेजारच्या टेबलावर उभी असायची.

संध्याकाळी मुंगीचं डोकं दुखू लागलं. आधी कपाळ, मग मागून मानेपर्यंत. पुस्तकातल्या ओळींवर बारीक चमचम दिसू लागली, जणू कुणी पानावर काचेचा चुरा शिंपडला होता. तिने पुस्तक मिटलं आणि पलीकडच्या घरातल्या टकळीला हाक मारली.

टकळी तिच्यापेक्षा एक वर्ष मागे होती आणि तिला सुट्टी लागलेली होती. तोंडाची टकळी बंद होत नाही म्हणून टकळी. ती दात घासतानाही बोलत असे. मुंगीने तिला सगळं सांगितलं.

टकळीने विचारलं, की सिस्टरना सांगायचं नाही का. मुंगी म्हणाली, उद्या दोन वाजता पेपर सुटला की मी माझ्या पायांनी दवाखान्यात जाते, वाटल्यास तू बरोबर चल.

“आणि दोनच्या आत काही झालं तर?”

“इतिहासाच्या पेपरात कुणाला काही होत नाही. फार तर झोप येते.”

“मुंगे, थट्टा नको करू.”

“थट्टा नाही करत. तू फक्त हात दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पडद्याच्या भोकातून डावा हात बाहेर आला. सिस्टरनी पट्टा गुंडाळला, कानात नळ्या घातल्या. एकशे आठ, खालचा सत्तर. त्यांनी पुन्हा मोजलं. एकशे आठ, सत्तर. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. मीठ कमी केलंस ना, त्यांनी विचारलं. हं, पडदा म्हणाला. बाळ हलतंय? यावर पडदा जरासा गडबडला आणि मग म्हणाला, हं. चिठ्ठीवर शिक्का बसला. हात चिठ्ठी घेऊन आत गेला.

सिस्टर वहीत आकडे उतरवू लागल्या. कालची ओळ वर, आजची खाली. काल एकशे छत्तीस, सूज आहे. आज एकशे आठ, सूज... इथे पेन थांबलं. त्यांनी आज अंगठा दाबला होता. खळगा पडला नव्हता. आठव्या महिन्यात चढलेली सूज एका रात्रीत उतरल्याचं बावीस वर्षांत त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यांनी पडदा ओढला. सहा पेपरांत कुणी तो पहिल्यांदाच ओढत होतं. पलीकडे रिकामं स्टूल आणि उघडं दार.

वरच्या मजल्यावर घंटा झाली. अकरा. पेपर सुरू.

मागच्या दाराबाहेर, नळाच्या कठड्यावर टकळी बसली होती. तिने बाही खाली ओढली, पण तोवर सिस्टरना दंडावरचा पट्ट्याचा लाल वळ दिसला होता. तरी त्यांनी विचारलं, तू इथे काय करतेस. टकळी गप्प राहिली. एवढा पुरावा पुरेसा होता.

“डोकं दुखतंय तिचं?” सिस्टरनी खाली वाकून विचारलं. “खरं सांग.”

“कालपासून,” टकळी म्हणाली, आणि बांध फुटल्यासारखी बोलू लागली. “मानेपर्यंत दुखतंय, आणि डोळ्यांपुढे चमकतं म्हणत होती, आणि सकाळी तिला उलटी झाली, आणि मी तिला म्हटलं होतं सिस्टर, मी म्हटलं होतं...”

सिस्टर तिथे नव्हत्या. त्या यंत्राची पेटी छातीशी धरून जिना चढत होत्या.

परीक्षेच्या वर्गाचं दार बंद होतं आणि दाराशी मोठ्या बाई उभ्या होत्या. परीक्षेच्या काळात त्या कायम कुठल्या तरी दाराशी उभ्या असत. सिस्टरनी दोन वाक्यांत सांगितलं. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला, पण दार त्यांनी सोडलं नाही. यादीबाहेरच्या माणसाला आत सोडता येत नाही. आणि मुलीला बाहेर आणावं, तर पहिल्या तासात बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याचा पेपर रद्द होतो. तासभर, त्या म्हणाल्या, तासभर थांबता येणार नाही का.

“तिला झटके येतील,” सिस्टर म्हणाल्या. “बाकावरून खाली पडेल. मग ती आणि पोर, दोन्ही जातील. तुमच्या तासाला काय करू?”

“हळू बोला,” मोठ्या बाई कुजबुजल्या. “गोपनीयता आहे.”

एवढ्यात आवाज ऐकून हेडक्लार्क आले, बगलेत परीक्षेची नियमपुस्तिका. सिस्टरनी मोठ्या बाईंकडे जमा झालेली ती शिक्का मारलेली चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली आणि सांगितलं, हा हात तिचा नव्हता. हेडक्लार्कांनी चिठ्ठी घेतली. एकशे आठ, सत्तर. योग्य. खाली त्यांचीच प्रतिसही होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सहीखाली एकही खोटा आकडा गेला नव्हता, आणि गेला तो त्यांनीच शिवून घेतलेल्या भोकातून.

त्यांनी दार उघडलं. मोठ्या बाई बाजूला झाल्या, कारण हेडक्लार्क नियम मोडताहेत असं दृश्य त्यांनी यापूर्वी पाहिलं नव्हतं आणि त्यासाठी त्यांच्याकडे तयार प्रतिक्रिया नव्हती.

चाळीस माना वर झाल्या. पर्यवेक्षक म्हणून चित्रकलेचे सर होते, ते खुर्चीतून उठले आणि तसेच उभे राहिले. मुंगी खिडकीजवळ, पाठीच्या खुर्चीत. तिने वर पाहिलं नाही. ती लिहीत होती, आणि एक डोळा बारीक करून लिहीत होती, जसं उन्हात पाहतात. सिस्टरनी तिच्या डाव्या हाताची बाही वर केली आणि पट्टा गुंडाळला. ना पडदा, ना क्रमांक. मुंगीचा उजवा हात चालूच राहिला.

एकशे बावन्न. खालचा शंभर.

“ऊठ,” सिस्टर म्हणाल्या.

“दुसरा प्रश्न चाललाय.”

“मुंगे, ऊठ.”

“सिस्टर, मी उठले तर गेलं.” ती तरीही वर पाहत नव्हती. “तुम्हाला माहितीये गेलं म्हणजे काय. मी मरत नाहीये. डोकं दुखतंय फक्त.” आणि तिने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा असा धरला, की बोटांची पेरं पांढरी पडली.

सिस्टरनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ओढून न्यायची त्यांची तयारी होती. तेवढी ताकदही होती. पण ओढाओढीत दाब आणखी चढणार हेही त्यांना दिसत होतं. वर्गात कुणी पान उलटत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चौदा मिनिटं झाली होती.

हेडक्लार्क मागे भिंतीला टेकून नियमपुस्तिकेची पानं उलटत होते. मोठ्या बाईंना वाटलं, पेपर रद्द करण्याचं कलम शोधताहेत. खरं तर पेपर रद्द करण्याचं कलम त्यांना तोंडपाठ होतं. ते दुसरंच काही शोधत होते आणि ते त्यांना सत्तेचाळिसाव्या पानावर सापडलं. त्यांनी ते हळू आवाजात वाचून दाखवलं. परीक्षा चालू असताना आग, पूर अथवा पडझड यामुळे इमारत किंवा तिचा काही भाग बसण्यास अयोग्य झाल्यास केंद्रप्रमुखाने त्या भागातील परीक्षा जवळच्या सुरक्षित जागी हलवावी, व हलवण्यात गेलेला वेळ मोजू नये.

“इथे आग कुठे आहे?” मोठ्या बाईंनी विचारलं. “पूर कुठे आहे?”

हेडक्लार्कांनी वर पाहिलं. मग त्यांनी कोपऱ्यातली, वरच्या झरोक्यांच्या खिट्ट्या काढायची लांब काठी घेतली, मुंगीच्या खुर्चीपासून दोन हातांवर उभे राहिले आणि छताच्या फुगलेल्या गिलाव्याला काठीचं टोक हलकेच लावलं. ताटलीएवढा एक पापुद्रा खाली पडला आणि फुटला.

“पडझड,” हेडक्लार्क म्हणाले, आणि घड्याळ पाहिलं. “अकरा सोळा. बाई, तुम्ही केंद्रप्रमुख आहात. खिडकीजवळचा भाग अयोग्य झालेला आहे. तिथे एकच विद्यार्थिनी बसलेली आहे.”

मोठ्या बाईंनी फुटलेल्या गिलाव्याकडे पाहिलं, मग मुंगीच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं.

“सुरक्षित जागा कुठली म्हणायची?”

“दवाखाना,” सिस्टर म्हणाल्या. “गाडीने सात मिनिटं.”

हेडक्लार्क मुंगीजवळ वाकले. “पोरी, तू वर्ग सोडत नाहीयेस. वर्गच चाललाय, तू त्याच्याबरोबर चाललीयेस. दांडा सोड आता.”

मुंगीने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. तिला हेडक्लार्कांचा चेहरा धड दिसत नव्हता, मध्ये चमचम होती. पण तिने दांडा सोडला.

उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका पाकिटात गेल्या, पाकिटावर लाख आली, लाखेवर मोहोर उमटली. एवढ्या घाईतही मोहोर सरळ उमटली की नाही ते हेडक्लार्कांनी पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ मात्र त्यांना काढता आलं नाही, म्हणून कार्यालयातलं टेबलावरचं घड्याळ घेतलं. चित्रकलेच्या सरांची गाडी होती, म्हणून उरलेल्या वर्गावर मोठ्या बाई थांबल्या. सर पुढे, चालक आणि पर्यवेक्षक दोन्ही, मुंगी मागे डाव्या कुशीवर सिस्टरच्या मांडीवर डोकं ठेवून, आणि हेडक्लार्क दाराशी अंग चोरून, मांडीवर पाकीट आणि पाकिटावर घड्याळ. एका चौकात लाल दिवा लागला तेव्हा सिस्टर फक्त एवढंच म्हणाल्या, “थांबू नका.” सर, जे सायकललाही वाट देत, ते थांबले नाहीत.

दवाखान्याच्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मुंगीला आत घेतलं, गोळी दिली, रक्त काढलं, लघवी तपासायला पाठवली, पोटावर पट्टे बांधून बाळाचे ठोके लावले. दार बंद झालं. बाहेर तिघं जण बाकावर बसले, चौथी वस्तू पाकीट. हेडक्लार्कांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं, लहान मूल धरावं तसं, म्हणजे ज्याला सवय नाही त्याने धरावं तसं.

मुंगीची आई लाँड्रीतून धावत आली. टकळीने जाऊन सांगितलं होतं, आणि टकळीने सांगितलेलं असल्यामुळे तिला जरा जास्तच कळलं होतं. तिने पाकीट पाहिलं, हेडक्लार्कांना पाहिलं.

“काय करायचाय तो पेपर?” ती म्हणाली. “जाऊ दे ना तो चुलीत. पोरगी राहू दे माझी.”

“दोन्ही राहिलं तर बघू, वहिनी,” हेडक्लार्क म्हणाले, आणि तिला सरकून जागा करून दिली.

पाऊण तास गेला. मध्ये एकदा आतून कुणीतरी धावत बाहेर आलं आणि औषधांच्या खोलीकडे गेलं. सगळे उभे राहिले. ते दुसऱ्याच बाईसाठी होतं. सगळे बसले. त्या दुसऱ्या बाईचं काय झालं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि न सुचल्याची सिस्टरना मागाहून लाज वाटली.

बारा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या. दाब एकशे अडतीसवर आलेला आहे. डोकेदुखी उतरलीय. बाळाचे ठोके चांगले आहेत. पण आता बाळंत होईपर्यंत ती इथून हलणार नाही, आणि आणखी तासाभराने आणली असती तर हे बोलणं वेगळं झालं असतं. एवढं सांगून त्या थांबल्या, आणि ‘आणखी तासाभराने’ हे शब्द मोठ्या बाई ऐकायला तिथे नव्हत्या याचं हेडक्लार्कांना बरं वाटलं. त्यांच्या स्वतःच्या कानात ते पुढे बरीच वर्षं राहिले.

मग हेडक्लार्कांनी पाकीट पुढे केलं आणि विचारलं, की राहिलेला पेपर तिला इथेच लिहू देता का. डॉक्टरबाईंनी आधी नाही म्हटलं. आतून मुंगीचा आवाज आला, की मी रडणार नाही, पण रडले तर दाब वाढेल. डॉक्टरबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. दोघींमध्ये काही न बोलता बोलणं झालं. अटी ठरल्या. पाठीला तीन उशा. दर पंधरा मिनिटांनी तपासणी. एकशे पंचेचाळीस दिसले, किंवा डोळ्यांपुढे पुन्हा चमकलं, की पेन खाली, मग वाक्य अर्धं राहो.

“आणि यावेळी,” सिस्टर मुंगीला म्हणाल्या, “खोटं बोललीस, तर पेन मी स्वतः मोडेन.”

“चमकलं तर सांगेन,” मुंगी म्हणाली. तिने हो म्हटलं नाही, म्हणून सिस्टरना ते खरं वाटलं.

कोपऱ्यातली खोली मिळाली. दोन खाटा, एक रिकामी. हेडक्लार्कांनी मोहोर फोडली, बारा वाजून चाळीस मिनिटांनी घड्याळ खाटेच्या पायथ्याशी ठेवलं आणि घोषणा केली, की केंद्र पूर्ववत सुरू झालेलं आहे, शिल्लक वेळ दोन तास चव्वेचाळीस मिनिटं. चित्रकलेचे सर पर्यवेक्षक म्हणून दोन खाटांच्या मधून फेऱ्या मारू लागले. रिकाम्या खाटेवर कुणी कॉपी करत नाही ना, हेही ते सवयीने पाहत होते. आईला दाराबाहेर बसवलं, कारण उमेदवाराच्या नातेवाइकाला केंद्रात प्रवेश नसतो. ती काचेतून पाहत राहिली.

पहिल्या पंधरा मिनिटांनी एकशे चाळीस. मुंगी लिहीत होती. दुसऱ्या वेळी एकशे चव्वेचाळीस. सिस्टरनी पट्टा सोडला नाही. कानातल्या नळ्याही काढल्या नाहीत. काचेपलीकडे आई उभी राहिली. सरांची फेरी थांबली. मुंगीने न सांगता पेन चादरीवर ठेवलं, डोळे मिटले आणि डाव्या कुशीवर वळली.

“चमकतंय?”

“नाही. खरंच नाही. दोन मिनिटं पडते.”

दोन मिनिटं कुणी श्वास घेतला नाही, निदान आवाज करून घेतला नाही. सिस्टरनी पुन्हा हवा भरली. काटा थरथरत खाली येऊ लागला. एकशे छत्तीस. मग त्यांनी पोटावर हात ठेवला आणि आतून त्या हाताला एक लाथ बसली. कुणी विचारलेलं नसताना पहिल्यांदाच उत्तर आलं होतं.

मुंगी उठून बसली. पेन घेतलं. चौथा प्रश्न.

तिसऱ्या वेळी एकशे चौतीस. चौथ्या वेळी एकशे बत्तीस. आईने काचेला कपाळ टेकलं. खोलीतली हवा हळूहळू खाली आली आणि माणसांना आपापले हातपाय असल्याची आठवण झाली. सर रिकाम्या खाटेवर बसले. सिस्टरनी भिंतीला डोकं टेकलं.

हेडक्लार्कांना मात्र बसवेना. एका परीक्षा केंद्राचं असं स्थलांतर यापूर्वी कधी झालेलं नव्हतं. याचा अहवाल वर जायला हवा, आणि तो असा जायला हवा, की पुढे कुठल्याही शाळेत कुणाला छत पाडावं लागू नये. त्यांनी खिडकीतल्या कठड्यावर कागद पसरला, पेनाचं टोपण काढलं आणि पहिला परिच्छेद एकटाकी उतरवला. पडदा रद्द करण्यात यावा, हेही त्यात घातलं. विद्यार्थिनीची तपासणी समोरासमोर, चेहरा पाहून करण्यात यावी. पडद्याची कल्पना कुणाची होती, तेही स्वतःचं पद लिहून नमूद केलं. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो अहवाल लिहिले होते, पण अर्थ असलेला हा पहिलाच होता, आणि प्रत्येक शब्द कागदावर उतरताना ओठांवरही उतरत होता. “...सबब... एका विद्यार्थिनीचे... प्राण आणि वर्ष... ही दोन्ही...”

“काका,” खाटेवरून आवाज आला.

सगळे दचकले. सिस्टरचा हात यंत्राकडे गेला. आई दाराच्या कडीपर्यंत पोचली. हेडक्लार्क कागद तसाच टाकून खाटेजवळ आले आणि म्हणाले, काय झालं बाळ, सांग.

“तुम्ही जरा मनातल्या मनात लिहाल का?” मुंगी म्हणाली. “मला तहाची कलमं आठवेनात.”